सहकुटुंब नदीवर: बेळगाव-खानापूर भागात पाण्यात उतरण्याआधी आणि उतरल्यावर

सुगी उरकत आली की बेळगावच्या घराघरांत एखाद्या रविवारी नदीवर जायचं ठरतं. कुणी असोगा म्हणतं, कुणी हब्बनहट्टी, निपाणीकडचे पाहुणे वेदगंगेचा घाट सुचवतात. भाकऱ्या कुणी करायच्या, झुणका कुणी, गाडीत कोण कुठं बसणार, हे सगळं तासभर बोलून ठरतं. पाण्याबद्दल मात्र "तिथं काही खोल नाही" एवढंच बोलणं होतं. मुलांनी नदीत डुंबावं, वाहत्या पाण्याची ओढ पायाला कळावी, असं मला मनापासून वाटतं. पण त्यासाठी एक अट आहे आणि ती मी कधीच सैल करणार नाही: घरातला एक मोठा माणूस पाण्यात न उतरता, हातात मोबाईल न घेता, फक्त पाण्याकडे बघत बसणार असेल तरच मुलांना पाण्यात सोडायचं. पुढचं सगळं या अटीभोवतीचं आहे.

आधी महिना निवडा, मग जागा

आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा नदीवर जायचा खरा काळ. पाऊस संपून पाणी निवळलेलं असतं, पात्रातले खडक उघडे पडलेले असतात, तळ दिसतो. डिसेंबर-जानेवारीत जांबोटी-कणकुंबीच्या अंगाला सकाळी चांगलीच थंडी असते, म्हणून ऊन तापल्यावर, दहा-अकराच्या सुमारास पाण्यात उतरावं आणि तीनपर्यंत बाहेर यावं.

जून ते सप्टेंबर नदीत उतरायचंच नाही. यात "पोहता येणाऱ्यांना चालतं" अशी सूट नाही. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते आणि तिथला पाऊस खानापूरच्या पावसाहून कितीतरी जास्त. खाली खानापुरात लख्ख ऊन असतं, वर कणकुंबीच्या डोंगरात ढग फुटलेले असतात, आणि ते पाणी थोड्या वेळानं तुमच्यासमोर येतं. हब्बनहट्टीचं नदीपात्रातलं मारुतीचं देऊळ पावसाळ्यात पाण्याखाली जातं, यावरूनच नदी किती चढते ते समजावं. पावसाळ्यात खानापूरच्या जंगलातल्या धबधब्यांवर जायला वनखातं अनेकदा बंदी घालतं. ती पाळावी. भीमगड अभयारण्यात तर कुठल्याही महिन्यात परवानगीशिवाय शिरायचं नाही. म्हादईवरचा वज्रपोहा धबधबा कितीही साद घालत असला तरी मुलांना घेऊन त्याच्या पायथ्याशी पोहायला जायची ती जागा नव्हे.

मार्च ते मेमध्ये दोन गोष्टी बदलतात. प्रवाह आटून पाणी डोहापुरतं उरतं, त्यामुळे ते साचलेलं आणि हिरवट होतं. आणि वळवाचा पाऊस सुरू होतो. दुपारी ढग दाटून आले, गडगडाट ऐकू आला, की सगळ्यांनी लगेच पाण्याबाहेर यायचं. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा. दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज धोक्याच्या अंतरात आहे. झाडाखाली उभं राहू नका, गाडीत बसा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत परत पाण्यात जाऊ नका.

कुठलं पाणी कसं

बेळगाव जिल्ह्यातल्या नद्या एका स्वभावाच्या नाहीत, हे लोक विसरतात.

खानापूर तालुक्यातली मलप्रभा खडकाळ आहे. कातळातून वाट काढत येते, मध्येच उथळ पाणी पसरतं आणि चार पावलांवर एकदम डोह लागतो. असोग्याला रामलिंगेश्वराच्या देवळाजवळ माणसांची वर्दळ असते, म्हणून ते सुरक्षित वाटतं. पण गर्दीवरून खोलीचा अंदाज येत नाही. इथल्या खडकांवर शेवाळ धरलेलं असतं, आणि बहुतेक माणसं पोहताना नव्हे, पाय घसरून डोहात जातात. शेवाळावरून चालायचंच असेल तर पाय उचलून टाकू नका, सरकवत न्या. त्याहून चांगलं म्हणजे वाळू किंवा गोटे असलेला उतार शोधा.

निपाणी-चिकोडीकडची वेदगंगा आणि दूधगंगा वेगळ्या. काठ मातीचे, पाणी संथ, दोन्ही बाजूंना ऊस. दिसायला गरीब. पण या नद्यांवर जागोजागी बंधारे आहेत. पावसाळा सरला की त्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, टाकतात आणि वरच्या बाजूला पाणी तुंबून पुरुषभर, कधी त्याहून खोल होतं. तळाला गाळ असतो, त्यात पाय रुतला की माणूस घाबरतो. बरग्यांच्या फटीतून पाणी जोरानं खाली जात असतं आणि त्या ओढीत सापडलेल्या माणसाला भिंतीपासून सुटता येत नाही. बंधाऱ्याच्या भिंतीजवळ पोहायचं नाही आणि वरून पाणी सांडत असताना भिंतीवरून चालायचं नाही.

आणखी एक गोष्ट या पट्ट्यात फार महत्त्वाची आहे आणि तिच्याबद्दल फारसं कुणी सांगत नाही: शेतीपंप. नदीकाठी रांगेनं मोटारी असतात, पाण्यात पाईप आणि फूटव्हॉल्व्ह सोडलेले असतात, वायरी काठावरून, कधी पाण्यातूनच गेलेल्या असतात. वायरीचं आवरण कुठं सोललेलं असेल ते पाण्यात दिसत नाही. जिथं मोटार, पेटी किंवा वायर नजरेस पडते तिथून लांब जा. मोटार बंद दिसली म्हणून जवळ जाऊ नका, वीज आल्यावर ती आपोआप सुरू होणारी असू शकते.

या नद्यांचं पाणी महाराष्ट्रातल्या धरणांतून येतं हेही लक्षात ठेवावं. दूधगंगेवर काळम्मावाडी, वेदगंगेवर पाटगाव, घटप्रभेवर फाटकवाडी. तिकडून पाणी सोडलं की इकडे ऐन उन्हाळ्यातही पातळी वाढते. निघण्याआधी त्या गावच्या ओळखीच्या माणसाला फोन करून "पाणी सोडलंय का?" एवढं विचारलं तरी पुरतं.

कृष्णेत मगरी आहेत. चिकोडी, रायबाग, अथणीकडच्या कृष्णाकाठी मुलांना घेऊन पोहायला जाऊ नये, एवढंच मी म्हणेन. गोकाकचा धबधबा सुमारे ५२ मीटर उंचीवरून कोसळतो. तो बघायचा, झुलत्या पुलाच्या बाजूनं बघायचा, आणि वरच्या पात्रात पाय ओले करायलाही उतरायचं नाही. मार्कंडेय नदीवरच्या गोडचिनमलकी धबधब्यालाही हाच नियम. राकसकोप जलाशयातून बेळगावला पिण्याचं पाणी येतं, तिथं पोहणं म्हणजे आपल्याच घागरीत पाय घालणं. आणि त्याच मार्कंडेयला खाली शहराचं सांडपाणी मिळतं, तिथलं पाणी अंगाला लावण्याच्या लायकीचं नाही.

गावातल्या माणसाला विचारा, नीट विचारा

नकाशा आणि व्हिडिओ बघून जागा ठरवू नका. पाण्याजवळ पोचल्यावर पहिलं काम म्हणजे गुरं घेऊन आलेला, कपडे धुणारी, पंपाच्या मोटारीवर आलेला, जो कुणी भेटेल त्याच्याशी बोलायचं. "इथं पोहतात का?" असं विचारलं की "व्हय, पोहतात की" हेच उत्तर येतं, कारण गावातली पोरं पोहतातच. त्याऐवजी असं विचारा: "मामा, डोह नेमका कुठनं सुरू होतोय? यंदा वाळू कुठं काढलीय? इथं कुणी बुडालंय का? गावातली बारकी पोरं कुठं उतरतात?" शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात कामाचं. त्यांनी दाखवलेल्या जागीच उतरा.

गोकाक-हुक्केरीकडे माणूस कन्नड बोलणारा भेटला तर "इल्लि नीर आळ ऐतेनरी?" एवढं म्हणा, इथं पाणी खोल आहे का असा त्याचा अर्थ. उरलेलं तो हातानं दाखवेल. आणि कुणी नको म्हणालं तर वाद घालू नका. तिथंच काठावर जेवा आणि परत या.

वाळू काढल्याचा प्रश्न मुद्दाम विचारायचा, कारण उपसलेल्या जागी पात्रात खड्डे पडतात. गुडघाभर पाण्यातून चालताना पुढचं पाऊल थेट गळ्याएवढ्या पाण्यात जातं. गेल्या वर्षी चांगली असलेली जागा यंदा तशी असेलच असं नाही.

पोहायला शिकवायचं कुठं

नदी ही शिकलेलं वापरायची जागा आहे. शिकायला विहीर किंवा तलाव. बेळगावात गोवावेसला आणि जेएनएमसी मेडिकल कॉलेजच्या आवारात जलतरण तलाव आहेत, तिथं उन्हाळ्याच्या सुट्टीत नाव घालता येतं. खेड्यात अजूनही मामाच्या विहिरीवर पाठीला सुका भोपळा, डबा नाहीतर पांगाऱ्याचं लाकूड बांधून पोरं शिकतात, आणि मला ती पद्धत आवडते, कारण एक जाणता माणूस एका पोराबरोबर असतो. फक्त विहिरीला उतरायला धड पायऱ्या हव्यात, भोपळ्याशिवाय वेगळी दोरी काखेखालून बांधून वर कुणाच्या तरी हातात हवी, आणि पाणी काढायची मोटार बंद करून फ्यूज काढलेला हवा.

मुलाला हात मारता येणं पुरेसं नाही. नदीत नेण्याआधी त्याला उताणं पडून निदान दोन-तीन मिनिटं शांत तरंगता आलं पाहिजे. दमलेला माणूस तरंगायला शिकलेला असेल तर वाचतो. ओढीत सापडल्यावर काय करायचं तेही तलावातच तोंडपाठ करून घ्या: उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेला पुढं ठेवायचे म्हणजे खडक पायाला लागेल, डोक्याला नाही, आणि प्रवाहाच्या उलट न झगडता तिरकं तिरकं काठाकडे सरकायचं.

गाडीत काय घ्यायचं

खाण्याची यादी तुमच्याकडे आहेच. पाण्याची यादी अशी: पंधरा-वीस मीटर नायलॉनची दोरी, पाच लिटरचा झाकणाचा प्लास्टिक कॅन, एक लांब बांबू, न पोहणाऱ्या प्रत्येक मुलासाठी मापाचं लाईफ जॅकेट, शिट्टी, पट्ट्यांच्या चपला किंवा जुने कॅनव्हासचे बूट, कोरडे टॉवेल, मलमपट्टीची पिशवी.

कॅनमध्ये वाटीभर पाणी ठेवून झाकण घट्ट लावा आणि मुठीला दोरी बांधा. त्या थोड्या पाण्याच्या वजनानं तो लांब फेकता येतो आणि बाकीच्या हवेमुळे मोठ्या माणसालाही आधार देतो. घरी अंगणात दोन-चारदा फेकून बघा. फेकायला सोपं वाटतं, पण दोरी नेमकी पायातच गुंतते.

लाईफ जॅकेट घालून बंद लावल्यावर मुलाच्या खांद्यापाशी धरून वर उचला. जॅकेट कानाशी आलं तर ते मोठं आहे, पाण्यात डोक्यातून निघून जाईल. दंडावरचे फुगे, बदकाची रिंग, ट्यूब ही खेळणी आहेत. वाऱ्यानं ती मुलाला खोल पाण्याकडे ढकलतात आणि आईवडिलांना निर्धास्त करतात.

कपड्यांचंही सांगायला हवं. आपल्याकडे बायका साडी किंवा पंजाबी ड्रेस घालूनच पाण्यात उतरतात. ओली साडी पायात गुंडाळते, ओढणी फांदीत नाहीतर दगडात अडकते. लेगिंग आणि टी-शर्ट घालून उतरा, हवं तर वरून शर्ट. काकूंना, आत्यांना संकोच वाटत असेल तर घरातूनच तसे कपडे घालून निघा आणि पुरुषांनी जरा बाजूला बसावं. बायकांनी काठावर बसून फक्त ताटं वाढायची, असं होऊ नये.

काठावर पोचल्यावरची पहिली पंधरा मिनिटं

मुलं गाडीतून उतरल्या उतरल्या धावतात. त्यांना अडवा. ही पंधरा मिनिटं मोठ्यांची.

पाण्याच्या कडेला, अगदी रेषेवर, एक ठळक दगड ठेवा. दर दहा मिनिटांनी त्याच्याकडे बघा. दगड बुडायला लागला, पाणी गढूळ झालं, पालापाचोळा किंवा काटक्या वाहत येऊ लागल्या, प्रवाहाचा आवाज बदलला, तर कारण शोधत बसू नका. शिट्टी, सगळे बाहेर, सामान वरच्या काठावर.

एक सुकं पान पाण्यात सोडा आणि काठानं त्याच्या बरोबरीनं चाला. नेहमीच्या चालीनं चालावं लागलं तर ओढ जास्त आहे, मुलं उतरणार नाहीत. रांगत्या पोरासारखं पान सरकत असेल तर ठीक.

मग एक पोहणारा माणूस बांबू टेकत पुढं जाऊन खोली बघेल. डोळ्यांवर भरवसा नको: स्वच्छ पाणी खऱ्या खोलीच्या तीन चतुर्थांश दिसतं. चार फूट पाणी तीन फूट भासतं, आणि लहान मुलाच्या बाबतीत तेवढा फरक नाकातोंडाचा असतो. मुलांसाठी त्यांच्या कमरेएवढ्या पाण्याची हद्द ठरवा आणि ती बांबू रोवून किंवा मोठ्या माणसाला तिथं उभं करून दाखवा. खालच्या बाजूला, जिथं प्रवाह नेऊ शकतो तिथं काय आहे तेही बघा. खाली डोह, झाडांच्या मुळ्या, मासेमारीचं जाळं किंवा बंधारा असेल तर ती जागा सोडा.

सूर आणि मुटका या जागी बंद. तळ न तपासता मारलेल्या सुरानं मान मोडते आणि माणूस जन्मभर अंथरुणाला खिळतो. श्वास कोंडून "कोण जास्त वेळ खाली राहतो" हा खेळही बंद, त्यात पाण्याखालीच शुद्ध जाते आणि वर कुणाला पत्ता लागत नाही.

राखण

पहिल्या परिच्छेदातली अट आता प्रत्यक्षात आणायची. दहा माणसांच्या सहलीत प्रत्येकाला वाटतं की दुसरा कुणीतरी बघतोय. म्हणून नाव घेऊन काम द्या: "अकरा ते साडेअकरा बाळूमामा, मग सुधाकाकी." राखणीवरच्या माणसानं गळ्यात शिट्टी अडकवायची, पायाशी दोरी-कॅन ठेवायचा, आणि पाळी संपल्यावर ती शिट्टी दुसऱ्याच्या हातात प्रत्यक्ष द्यायची. अर्ध्या तासापेक्षा जास्त एकाला बसवू नका, लक्ष टिकत नाही. दारू घेतलेल्या माणसाला राखणीवर बसवायचं नाही आणि पाण्यातही उतरू द्यायचं नाही. पाच वर्षांखालच्या मुलाला तर काठावरची राखण पुरत नाही, त्याच्यासाठी हात लांबवला की लागेल एवढ्या अंतरावर एक माणूस वेगळा.

बुडणारा माणूस ओरडत नाही, हे राखणदाराला माहीत हवं. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असतं, श्वास घ्यायलाच वेळ नसतो, हाका कुठून मारणार? हात वर करून हलवणंही होत नाही, ते बाजूला पाण्यावर दाबले जातात. डोकं मागं झुकलेलं, केस डोळ्यांवर, अंग उभं आणि पायांची हालचाल नाही. गोंगाट करणारं पोर बहुधा ठीक असतं. अचानक गप्प झालेल्या पोराकडे धावा.

कुणी बुडायला लागलं तर

पहिली उडी मारायची नाही. एकाला वाचवायला एकामागून एक घरातली माणसं गेल्याच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो. बुडणारा जिवाच्या आकांतानं मिठी मारतो आणि चांगल्या पोहणाऱ्यालाही खाली नेतो. आधी बांबू पुढं करा, स्वतः काठावर पालथं पडून. तो पुरत नसेल तर दोरीचा कॅन त्याच्या पलीकडे फेका आणि ओढून त्याच्या हाताशी आणा. दोरी नसेल तर साडी, लुंगी, दोन-तीन टॉवेलांची गाठ. त्याच वेळी दुसऱ्यानं ११२ ला फोन लावायचा, रुग्णवाहिकेसाठी १०८. कणकुंबी-जांबोटीच्या रानात कित्येक ठिकाणी रेंज नसते, म्हणून येताना शेवटची रेंज कुठं होती ते गाडी चालवणाऱ्यानं लक्षात ठेवावं आणि एक गाडी तोंड रस्त्याकडे करून उभी असावी.

बाहेर काढल्यावर उलटं टांगणं, पोट दाबून पाणी काढणं, गरगर फिरवणं यातलं काहीही करू नका. त्यात मोलाची मिनिटं जातात आणि पोटातलं पाणी उलट छातीत जातं. उताणं निजवा, हाक मारा, श्वास बघा. श्वास नसेल तर हनुवटी वर करून, नाक चिमटीत धरून तोंडानं पाच वेळा हवा द्या, छाती उचलली जाते का ते बघत. मग छातीच्या मध्यभागी तीस दाब, मिनिटाला १०० ते १२० या वेगानं, मोठ्या माणसाला सुमारे ५ सेंटिमीटर खोल, लहान मुलाला छातीच्या एक तृतीयांश. मग दोन वेळा हवा, परत तीस दाब. मदत येईपर्यंत थांबायचं नाही. हे वाचून येत नाही, कुठं प्रशिक्षण मिळालं तर घरातल्या दोघांनी तरी घ्या.

पाणी नाकातोंडात गेलेला माणूस उठून बसला, हसला, तरी त्याला दवाखान्यात न्या. खोकला, धाप, सुस्ती काही तासांनी वाढू शकते.

जेवण आणि काठ

आधी पोहणं, मग जेवण. भाकरी, झुणका, शेंगांची चटणी, दही खाल्लं की मोठ्यांचे डोळे जड होतात आणि राखण ढिली पडते, म्हणून हा क्रम. जेवणानंतर पाण्यात जायचं असेल तर सगळी शिस्त पहिल्यापासून.

गावचा पाणवठा जिथं असेल त्याच्या खालच्या अंगाला उतरा. साबण, शाम्पू नदीत नको. देवळाच्या घाटावर अंघोळीला आलेल्या माणसांचा आब राखा, मोठा स्पीकर लावू नका. पत्रावळ्या, पिशव्या, बाटल्या परत आणा, काच तर नेऊच नका, तिथं उद्या कुणीतरी अनवाणी उतरणार आहे. फेब्रुवारीनंतर रानात चूल पेटवू नका, वाळक्या गवतात ठिणगी पसरते.

घरी आल्यावर मुलांना साबणानं अंघोळ घाला, कान कोरडे करा, काखा आणि जांघांत गोचीड चिकटलाय का बघा. अंगावर जखम असलेल्याला पाण्यात उतरवायलाच नको होतं, पण तिथं खरचटलं असेल तर जखम नीट धुवा. गुरं उतरतात त्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस नावाचा तापाचा आजार होऊ शकतो. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत कुणाला ताप, पोटऱ्यांत दुखणं किंवा डोळे लाल होणं असं झालं, तर डॉक्टरांना "नदीत पोहायला गेलो होतो" हे न विचारता सांगा.